पहिल्या हाकेला ओ

२४ एप्रिल, गुरुवार

माझ्या हातात बांगडी कुणी भरली ते आधी सांगा. मंग प्रभूला सलाम. रोज पानाच्या डोक्यावर सलाम असतो. आज त्याला थोडं थांबावं लागंल.

जेवून लिंबाखाली बाजेवर पडले. उठले तर डाव्या मनगटात हिरवी काचेची बांगडी. एकच. बहात्तरीची विधवा मी, नवऱ्याला मातीत ठेवून किती उन्हाळे झाले, आन हातात हिरवी काच. डावा हात मेलेला हाय. जुन्या दुखण्यानं करंगळी आन तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वळलं, मनगटापासून खाली काही कळत न्हाई. इंगळ ठेवला तर वास आल्यावर समजंल. घालणारीनं बराबर तोच हात निवडला.

रोझला धरलं. नात माझी, सतराची, मोबाईलवर घरादाराचे व्हिडिओ काढत असते. म्हणलं, आज्जीचं सोंग केलं का. तर म्हणे, प्रभूची शपथ, मी न्हाई. म्हणलं शपथ घेऊ नको, शास्त्रात मना हाय, नुसतं न्हाई म्हण. नुसतं न्हाई म्हणली. खरं वाटलं.

सून एस्तरनं साबण लावून ओढून पाह्यली. निघंना. वळलेली बोटं आड येतात. निघत न्हाई ती चढली कशी?

आता सलाम.

२५ एप्रिल, शुक्र.

सलाम. एस्तरची सकाळपासून धुसफूस. रविवारी चर्चमधी बाया काय म्हणतील. म्हणलं बायांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी हातानं ऐकत न्हाई.

शेजारची गोदूबाई आली. पाटलाच्या घरची, माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा दोन जास्त. हात पाह्यला आन म्हणली, "का गं, सोयरीक कुठली धरली? आम्हाला जेवायला तरी बोलव." पदरात तोंड घालून लई हसली. मंग हात जवळ ओढून बघितला, आन हसायचं थांबली.

बांगडी जाड हाय. काचेत बुडबुडा. आता असली येत न्हाई, आता कागदावानी येतात, पोरीनं हात झटकला की तुकडे. गोदूबाई म्हणली असली एकच बाई घेऊन यायची. मोल करायच्या आधी डाव्या हातात एक भरायची, नजर लागू नये म्हणून, तिचे पैसे धरायची न्हाई.

नाव तिनं घेतलं न्हाई, मी पण न्हाई. चहा अर्धा टाकून गेली. गोदूबाई बशी चाटून ठेवणारी बाई.

२६ एप्रिल, शनि.

सलाम. नाव लिहिते. नूरबी.

बांगड्यांची टोपली डोक्यावर, पायात गड्याच्या चपला. आठवड्याला एकदा गावात. हिंदूंच्या घरी, आमच्या ख्रिस्ती गल्लीत, सगळीकडं. बांगड्या भरून झाल्या की बाया तिच्या पाया पडायच्या, ती मुसलमान असली तरी, तशी रीतच हाय. आमच्यात माणसाच्या पाया पडत न्हाईत. मी नुसती म्हणायची, बरं नूरबी. ती हसायची.

माझ्या लग्नाला थोडेच दिवस झाल्ते. हातावर चट्टा आला, मंग बोटं वळाय लागली. महारोग म्हणले. सासूनं उसाच्या रानात, कालव्याच्या कडंला खोप घालून दिली. भाकर बांधावर ठेवायची आन माघारी पळायची, जशी मी तिलाच खाणार होते. माझी आई आली, पदर सावरून लांब उभी राह्यली, तिथूनच रडली. त्या वेळचे पाळक बांधावरून प्रार्थना करायचे. वारा उलटा असला की ती पण ऐकू यायची न्हाई.

नूरबी आली आन सरळ आत शिरली. टोपली उतरवली, मांडी घातली. "हात दे गं, मार्था."

म्हणलं भेव न्हाई का तुला. म्हणली, "हात धरायचा तर माझा धंदा. एक सोडला की सगळे सोडावे लागतील."

करडीचं तेल लावून एक एक बोट चोळायची. वाकडी बोटं दाबून, अंगठा दुमडून बांगडी चढवायची. पुढच्या खेपेला मागली काढून दुसरी. पाऊस असो की चिखल. बांगडी निमित्ताला होती, बोटं मोकळी करायचं काम चाललं होतं, हे मला लई उशिरा समजलं.

मंग मिशनच्या दवाखान्यात नेलं, लांब. गोळ्या. डॉक्टरीण म्हणली कुणीतरी बोटं चोळली म्हणून हात राह्यला, न्हाई तर गेला असता. तिथंच अक्षर शिकले. बरी होऊन माघारी आले तर नूरबीचं येणं बंद. सासू म्हणली तिनं मंठ्याकडची गावं धरली.

हात राह्यला, हे तिला माहीतच न्हाई. समोर बसून तेवढं सांगायचं होतं. पोरं, म्हशी, दुष्काळ, नवऱ्याचा दमा, राहूनच गेलं. आता नव्वदीच्या पुढं असती. असती म्हणजे मेली असंल.

मंग बांगडी?

२७ एप्रिल, रवि.

सलाम. चर्चला गेले, हात पदराखाली. तरी मागच्या बाकावरच्या बायांना दिसला. बायांना प्रभू दिसत न्हाई, बांगडी दिसती.

उपासनेत शास्त्रातले ते दहा महारोगी मनात येत राह्यले. बरे झाले दहा, उपकार मानायला माघारी आला एकटा, तो पण परक्या जातीचा. नऊ कुठं गेले ते शास्त्रात सांगितलं न्हाई. मला माहीत हाय. घरी गेले, म्हशीचं दूध काढाय.

२९ एप्रिल, मंगळ.

आजचं नीट लिहिते.

भर दुपार. मी आत निजल्ते. एस्तर आन रोझ ओसरीवर कुरडया उलट्या करीत होत्या. बाहेरून हाक आली. "मार्था." एवढीच. बाईचा आवाज. रोझ म्हणती म्हातारा आवाज, एस्तर म्हणती म्हातारा न्हाई, कोरडा.

रोझ ओ देणार तेवढ्यात एस्तरनं तिच्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात. दाराला कडी घातली. फटीतून बघितलं तर गल्ली पांढरीफटक, माणूस न्हाई. गल्लीतली कुत्री मात्र सगळी उभी, तोंडं आमच्या दाराकडं, भुंकत न्हाईत.

मला उठवलं न्हाई. उठल्यावर सांगितलं. लई बोलले मी तिला.

मंग बसून विचार केला. मला आता सगळे आज्जी म्हणतात, न्हाई तर मावशी, न्हाई तर मार्थाबाई. गोदूबाई पण अगं तुगं करती, नाव घेत न्हाई. नुसतं मार्था म्हणणारे सगळे कबरस्तानात.

३० एप्रिल, बुध.

गोदूबाई येऊन एस्तरला शिकवून गेली. दुपारच्या वेळी पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. दुसऱ्या हाकेला न्हाई. जित्या माणसाला तिसरी हाक मारता येती, दुसऱ्याला येत न्हाई. जो पहिल्या हाकेला ओ देतो त्याचा जीव त्या ओच्या संगं बाहेर जातो.

एस्तर मान हलवून राह्यली. ख्रिस्ती घरची पोरगी, बायबल तोंडपाठ. बाप्तिस्मा माणूस घेतं, त्याचं भेव घेत न्हाई.

सलाम राह्यला. सलाम.

२ मे, शुक्र.

दुसरी बांगडी.

आज घरात निजल्ते, पुढच्या दाराला आतून कडी. उठले ते आवाजानं. काच काचेला लागली. उजवा कान बसलाय माझा, डाव्यानं ऐकलं. माझाच हात वाजला आन मी दचकले, जसं कुणी परकं शेजारी बसलंय.

हात तेलानं चमकत होता. वळलेल्या बोटांच्या बेचक्यात तेल. वास करडीच्या तेलाचा. आमच्याकडं आता पुडीतलं सोयाबीनचं तेल येतं, करडी किती वर्षांत आणली न्हाई.

एस्तरनं सगळ्या घरात प्रार्थना केली, कणगीच्या मागं पण. मी म्हणलं गोठ्याकडचं दार बघितलं का. त्याची कडी मोडकी हाय, ढकललं की उघडतं. म्हणली, "आत्या, आधी ते बोला, तेल कुठून आलं."

रोझनं माझ्याजवळ बसायचं सोडलंय. लांबून ताट देती. असं ताट मी आधी पण बघितलंय.

४ मे, रवि.

सलाम. एस्तरनं पाळकसाहेबाला घरी आणलं. पोरगेला माणूस, जालन्याहून येतो, पॅन्टची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसतो.

म्हणाला, "आजी, मेलेले हाका मारत नाहीत."

म्हणलं, "मंग भ्यायचं कशाला?"

मंग शौल राजाचं काढलं. त्यानं मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला उठवायला लावलं, केवढं पाप, काय गत झाली. म्हणलं शौलानं बोलावलं. मी कुठं कुणाला बोलावलंय, मलाच बोलावून राह्यलंय कुणीतरी.

मंग म्हणाला बांगड्या दगडानं फोडून टाकू, मी प्रार्थना करतो. म्हणलं नवरा गेला तेव्हा जावांनी फोडल्या, चर्चमधल्याच जावा, शास्त्रात कुठं लिहिलंय ते तेव्हा कुणी विचारलं न्हाई. एका जन्मात एकदा पुरे.

मंग मी त्याला विचारलं. पेत्र तुरुंगातून सुटून मध्यानरात्री मित्रांच्या दारात आला, दार वाजवलं, रुदा नावाची पोरगी गेली. आवाज ओळखला तिनं. दार उघडलं का? म्हणाला, न्हाई, आत पळत गेली सांगायला. आतले काय म्हणले? म्हणाला, ते म्हणले वेडी झालीस, तो न्हाई, त्याचा दूत असंल. आन बाहेर उभा होता तो जिता का मेला?

"जिवंत होता, आजी."

"मंग एस्तरला सांगा, कडी काढ म्हणून."

पाणी प्याला. म्हणाला, प्रार्थनेत ठेवतो. एस्तरला काही सांगितलं न्हाई.

रात्री पडल्या पडल्या ठरवलं. मंठ्याला जायचं. नूरबी मेली असंल तर तिचं कुणी तरी असंल. दावीद राजा झाल्यावर त्यानं विचारलंच ना, माझ्या मित्राच्या, योनाथानाच्या घरचं कुणी उरलंय का, त्याच्यापायी त्याच्यावर दया करीन. राजाला सवड झाली, मला न व्हायला काय झालं.

६ मे, मंगळ.

मंठा.

रोझला संगं घेतलं. एस्तर नको म्हणत होती. रोझ म्हणली, मी जाते, घरात बसण्यापेक्षा बरं. एस्तरनं माझ्यासाठी आणलेलं नवं लुगडं मी पिशवीत घातलं, नूरबीसाठी. जीप, मंग बस, मंग परत जीप. ऊन असं की खिडकीच्या लोखंडाला हात लागंना. रोझचा लागंना. माझा डावा ठेवला मी, मला काय.

बाजारात विचारत गेलो. बांगडीवाल्या नूरबीची पोरगी शकिला, मशिदीमागच्या गल्लीत. दार लावलेलं. वाजवलं.

आतून बाई म्हणली, कोण.

म्हणलं, मी मार्था. घनसावंगीकडून आले.

मंग आवाज अगदी दाराजवळ आला, पण हलका. "मार्था तो मर गई. जाव."

रोझनं माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं ते लिहीत न्हाई. मी परत वाजवलं. आतून कलमा म्हणायचा आवाज. भर उन्हात मी दारात उभी, आत जिती बाई मला भ्यालेली. मंठ्यात मी पेत्र झाले.

दाराची फळी तळाशी मोडली होती. मी खाली बसले आन डावा हात फटीतून आत घातला. बांगड्या, वाकडी बोटं, सगळं. म्हणलं, बघ.

त्या हाताला कळत न्हाई, तिनं धरला का सोडला, मला काय समजणार. रोझ वाकून बघत होती. ती म्हणली, "आज्जे, तिनं धरलाय."

मंग दार उघडलं.

शकिला साठीची. लहानपणीच्या तापानं एक पाय काडीसारखा, काठीवर चालती. दावीदाला पण योनाथानाचा पोरगा सापडला तो दोन्ही पायांनी लंगडा. देव एकच गोष्ट दोनदा सांगतो, माणूस ऐकत न्हाई म्हणून.

पाणी दिलं. मंग सांगितलं. लिहिते तसं.

मी दवाखान्यात गेल्यावर नूरबी खोपीत गेली, खोप रिकामी. घरी गेली. माझ्या सासूनं दारातूनच सांगितलं, मार्था मेली. बांगडीवाली घरी येऊ नये, दुखणं आणू नये, म्हणून सांगितलं असंल. सासू तशीच होती. नूरबी म्हणली, नवरा जिता असता गेली, मढ्याला हिरवा चुडा भरायचा असतो, मला भरू द्या. गावातल्या बायांच्या मढ्यांना तीच भरायची. सासू म्हणली आमच्यात भरत न्हाईत, आन माती पण झाली.

त्या दिवसापासून तिनं आमच्याकडची गावं सोडली.

शकिला म्हणली, म्हातारपणी अम्माचं डोकं फिरलं. सगळं विसरली, पोरीचं नाव विसरली. स्वतःचा डावा हात मांडीवर घेऊन दोन बोटं वाकडी करायची आन चोळत बसायची. "हात दे गं, मार्था. तुझा चुडा राह्यला." दिवसभर. घरातले रडायचे, म्हातारी मेलेल्या बाईला हाका मारती म्हणून.

मी विचारलं, कधी गेली. म्हणलं, किती वर्षं झाली.

शकिला म्हणली, "मेली कुठं म्हणले मी? निघून गेली."

ईदनंतर. दुपारी शकिला गिऱ्हाइकाकडं गेल्ती. माघारी आली तर अम्मा न्हाई, माळ्यावरची जुनी टोपली न्हाई, तेलाची शिशी न्हाई. टोपली पुढं कालव्यात सापडली, आमच्या गावाकडच्या कालव्यात. माणूस सापडलं न्हाई. पोलीस म्हणतात बघू. लोक म्हणतात वाहून गेली. कुणी म्हणतं नमाज पढून टाका. शकिला म्हणली, मढं न्हाई तर कशाची नमाज.

टोपली कोपऱ्यात होती. चिखल वाळलेला. बांगड्या एक पण न्हाई. शकिला म्हणली, जुन्या जाड हिरव्या होत्या, तेवढ्याच नेल्या. बघत न्हाई असं दाखवत माझ्या हाताकडं बघत होती.

म्हणलं, माझ्याकडं चल. माझ्या ताटात जेव, मरेपर्यंत. तुझ्या आईनं माझा हात राखला.

म्हणली, मी आले आन इकडं अम्मा आली, तर दार कोण उघडंल?

दावीद राजा होता, त्यानं बोलावलं की यावंच लागतं. शकिलाचं तसं न्हाई. लुगडं ठेवून घेतलं तिनं, अम्माचं म्हणून.

७ मे, बुध.

सलाम.

अंग दुखून राह्यलंय. डोकं चालतंय.

जिती असंल तर: नव्वदीची बाई, डोकं फिरलेलं, या उन्हात गावोगाव, रानात, उसात. ओळखीच्या वाटंनं आमच्या गल्लीत आली, हाक मारली, आन आम्ही आतून कडी घातली. पाणी सुद्धा दिलं न्हाई.

मेली असंल तर: मेल्यावर पण माझं काम टाकलं न्हाई.

दोन्हीत तिला वाटतंय मी मढं हाय. गोठ्याच्या दारानं आत आली, बघितलं तर मी पडलेली, तोंड उघडं, हात थंड, चोळला तरी हलत न्हाई. कसा हलंल? हाक मारली तर ओ न्हाई. मार्था मेली हे तिला कुणी तरी एकदा सांगितलं, आन आता आम्हीच दार लावून रोज सांगतोय.

एस्तरला हे सगळं सांगितलं. ती म्हणली, आत्या, टोपली कालव्यात सापडली ना. मंग?

मंग काय. तुझ्या दारात पेत्र आला तरी तू म्हणशील, बेड्या कुठंत.

१० मे, शनि.

दुपारी डोळे मिटून जागी राहायचं ठरवलं. जागी राहून मढ्यासारखं पडायचं, आली की बोलायचं. बहात्तराव्या वर्षी हे काम जमत न्हाई. निजले.

तिसरी बांगडी.

गोदूबाई छतावर मिरच्या घालत होती. संध्याकाळी आली, उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलली. तिनं बघितलं. आमच्या गोठ्याच्या दारात कुणी तरी बाई पाठमोरी. डोक्यावर पदर. गड्याच्या चपला. गोदूबाई म्हणली, "सावली न्हवती गं तिची. बिलकुल न्हवती."

म्हणलं मे महिन्यात बारा वाजता माझी पण पडत न्हाई, तुझी पण न्हाई. सूर्याला विचार.

तिला ते पटलं न्हाई. खरं बोलायचं तर लिहिताना मला पण पुरतं पटंना. चपला म्हणली ती. चपलांचं मी कुणाला सांगितलं न्हवतं. पण गोदूबाईनं पण नूरबीला बघितलंय की, तिला आठवत असंल.

मंग गोदूबाई हळू म्हणली, चुडा पुरा झाला की नेतात. किती बांगड्यांचा चुडा ते मी विचारलं, तर सांगितलं न्हाई. गावोगाव वेगळा असतो म्हणली. रडत होती. मी म्हणलं रडू नको, तुझ्या मिरच्या वाया जातील.

१२ मे, सोम.

पोरगा आला. शमुवेल, जालन्याला जीप चालवतो, तिथंच खोली. एस्तरनं फोनवर सगळं सांगितलं. आल्या आल्या गोठ्याच्या दाराला नवी कडी बसवली, खिळे ठोकले. मी म्हणलं काढ. काढली न्हाई. म्हणला, आई, उद्या दुपारच्या आत जालन्याला चला सगळे, घराला कुलूप, पाऊस पडल्यावर बघू.

आरडाओरडा केला न्हाई मी. त्याला समोर बसवलं. डावा हात त्याच्या हातात दिला. म्हणलं, तू लहान होतास, याच हाताचं बोट धरून चालायला शिकलास, हे वाकडं बोट धरायला सोपं जायचं. हात कापला असता तर काय धरलं असतं? आज ती बाई उन्हात उभी हाय का पाण्यात पडली हाय, तुला माहीत न्हाई, मला न्हाई. कुलपाला बघून ती काय समजंल, सांग.

म्हणला, "आन ती तसली असली तर?"

म्हणलं तसली असली तरी मैत्रीणच हाय. मी खोपीत कसली होते, ते तिनं कुठं विचारलं.

त्यानं हात लवकर सोडला न्हाई. बोटं बघत बसला. पहिल्यांदाच बघितली असावीत. मंग उठला, बाहेर जाऊन बिडी ओढली, आला, आन गोठ्याच्या दाराचे खिळे काढले. कडी राह्यली, पण उघडी. म्हणला, मी एस्तरला आन रोझला नेतो, तू काय ते कर.

रोझ म्हणली मी जात न्हाई. संध्याकाळी ताट घेऊन आली, जवळ बसली, माझ्याच ताटातली भाकर मोडली.

१३ मे, मंगळ.

सलाम, प्रभू. तुला आज आधीच, पुढं वेळ मिळंल न मिळंल.

एस्तर पण गेली न्हाई. नवऱ्याला म्हणली, म्हातारी एकटी मेली तर गाव मला खाईल. तिची माया अशीच असती, उलट्या बाजूनं शिवलेली. शमुवेल जीप लिंबाखाली लावून तिच्यातच झोपलाय.

पुढचं दार उघडं, मागचं उघडं. बाज दोन्हीच्या मधी ओढली. रांजणातला तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. वारा न्हाई. कुत्री आत्ताच उठून उभी राह्यली, रोझनं दाखवली. तोंडं या वेळी गोठ्याकडं.

मी उशी काढून टाकली, टेकायचं न्हाई. हातात पेन हाय तोवर झोप येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

हे घरातल्या सगळ्यांना सकाळीच मोठ्यानं सांगितलंय, कागदावर पण राहू दे. हाक आली तर एस्तर, तू तोंड उघडायचं न्हाई, कडीला हात लावायचा न्हाई. शमुवेल, तू कोण म्हणून विचारायचं न्हाई. रोझ, तू मला बघत बसायचं, डोळा लागला तर चिमटा काढायचा, पण उजव्या हाताला, डाव्याला कळत न्हाई. दुसऱ्या हाकेची वाट बघायची न्हाई, तिसरीची न्हाई. पहिल्याच हाकेला ओ द्यायची, आन ती मीच देणार. मी जिती हाय हे तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. आन मी न्हाई देऊ शकले, तर माझ्या जागी रोझनं द्यायची, दार सताड उघडून, मोठ्यानं, माझं नाव घेऊन.